धाकटीचे दात आणि घराची अब्रू

माझ्या धाकट्या बहिणीच्या तोंडाला वास यायचा. सरळच लिहिते, कारण ही गोष्ट आमच्या घरात कुणी कधी सरळ बोललं नाही. नाकाला पदर लावून झाला, तिचं ताट वेगळं मांडून झालं, पाहुणे आले की तिला मागच्या दारी पाठवून झालं. आणि यातलं बरंचसं मी केलं. मी, म्हणजे घरातली शिकलेली, जी पुढे महाडच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवायला लागली.

आमचं घर महाडजवळच्या कापडे गावातलं. भातशेती, दोन बैल, खाऊनपिऊन सुखी म्हणतात तसं. माझ्यात आणि धाकटीत तेरा वर्षांचं अंतर. मधे दोन भाऊ होते, ते वेळेवर मुंबईला निघून गेले, त्यामुळे या गोष्टीत त्यांचं काही काम नाही. धाकटी झाली तेव्हा मला लाज वाटली होती, एवढी मोठी मी आणि आईला मूल. पण लाज आठ दिवस टिकली. नंतर तिला कडेवरून खाली उतरवायला मी तयार नसायचे.

तिचे दुधाचे दात वेळेवर आले, पांढरे, एका ओळीत. तीन वर्षांची असताना हिरड्या सुजायला लागल्या. भाकरीचा तुकडा तोंडातून काढला तर त्याला रक्त. दाबलं तर पू. पाच वर्षांची होईतो सगळे दात गळले, तिच्या वयाची पोरं अजून दातांनी ऊस सोलत होती तेव्हा. दात गेले आणि हिरड्या आपोआप गुलाबी, निरोगी झाल्या. आई म्हणाली, "गेली बाय घाण." मग पक्के दात यायला लागले, आणि आठव्या वर्षी पुन्हा तेच सुरू झालं.

शिवाय तिचे तळहात आणि तळपाय जाड होते. लालसर, खरखरीत, हिवाळ्यात भेगा पडायच्या. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलात राहून सगळ्यांच्याच पायांना चिखल्या होतात, त्यामुळे तिच्याही चिखल्याच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. तीन वर्षांची पोर कुठली लावणी करत होती, हे कुणी विचारलं नाही. कोकमाचं तेल गरम करून लावायचं, की झालं. हातांचं दुखणं वेगळं, तोंडाचं वेगळं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

मी तेव्हा महाडला शिकत होते. शनिवारी दुपारची एसटी पकडून घरी यायचे आणि रविवारी सकाळी धाकटीला पडवीत दोन गुडघ्यांत धरून तिचे दात घासायचे. मीठ आणि कोळशाची पूड. ब्रशनं ती टाळाटाळ करते म्हणून माझ्या बोटानं. ती रडायची, लाळ आणि काळं पाणी आणि रक्त माझ्या मनगटावरून ओघळायचं. मी म्हणायचे, "रोज घासलंस तर ही वेळ येणार नाही. आळशी! घाणेरडी!" हा शब्द मी वापरला आहे, एकदा नाही, कितीदा तरी. रोज सकाळ-संध्याकाळ ती घासतेच, असं आई सांगायची. माझा विश्वास नसायचा. पुस्तकात लिहिलं होतं की दात न घासल्यानं हिरड्यांचे रोग होतात, त्या अर्थी ही घासत नव्हती. पुस्तकावर माझा इतका विश्वास की समोर बसलेलं माणूस खोटं.

गावच्या शाळेत स्वच्छतेची तपासणी असायची. गुरुजींनी तिला पुढे उभं केलं आणि वर्गाला दाखवलं, दात घासले नाहीत की काय होतं ते. त्या रविवारी तिनं मला विचारलं, "ताई, माझ्या तोंडात किडे हायत काय?" मी म्हटलं, "असतील, म्हणून तर घास म्हणते." नऊ वर्षांच्या पोरीला मी हे उत्तर दिलं.

लग्न होऊन मी महाडला आले, शाळेत लागले, मला दोन मुली झाल्या. धाकटी तेरा वर्षांची असताना तिचे पुढचे दोन दात हलायला लागले, म्हणून तिला माझ्याकडे बोलावून घेतलं आणि बाजारपेठेत नव्यानंच दवाखाना टाकलेल्या एका दंतवैद्याकडे नेलं. तरुण माणूस. त्यानं बराच वेळ तोंडात पाहिलं आणि म्हणाला, "एकाही दाताला कीड नाही. दातांवर म्हणावा तसा मळही नाही. तरी हिरड्या अशा?" मग म्हणाला, "बाळ, हात दाखव." मला वाटलं, चुकून म्हणाला. तिनं तळहात पुढे केले. त्यानं चपला काढायला लावून तळपायही पाहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचे आईवडील नात्यातले आहेत का?"

मला रागच आला. दाताच्या डॉक्टरला आमच्या सोयरिकीशी काय घेणं? पण आहेत, म्हणाले. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क. आजीनं आपल्या सख्ख्या भावाची मुलगी सून करून आणली होती, तीच आमची आई. आईची सासू तिची सख्खी आत्या. सगळ्या भावकीत या सोयरिकीचं कौतुक होतं, घरातली पोर घरात राहिली म्हणून. त्यानं चिठ्ठी लिहून दिली, मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयाची.

मुंबईला मी आणि धाकटी दोघीच गेलो. तिथल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, बोलायला स्पष्ट. रक्त घेतलं, फोटो काढले, हातापायांची कातडी पाहिली. पुढच्या खेपेला त्यांनी मला आत घेतलं आणि धाकटीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. त्यांनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते ऐकता ऐकता लहान होत गेले.

त्या म्हणाल्या, तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात, तुमच्या-माझ्याही. नुसत्या घासण्यानं ते जात नाहीत. लाळेत आणि हिरडीत शरीर स्वतःची औषधं तयार करून ठेवतं, जंतू मारणारी प्रथिनं. हिरडीला जरा धोका झाला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि त्यांच्याजवळचं असंच एक प्रथिन बाहेर सोडतात. ते जंतूच्या अंगाला भोकं पाडतं. पण पेशीत ते बंद असतं, त्याचा एक तुकडा कापून सुटा व्हावा लागतो, तेव्हा कुठे ते कामाला येतं. तुमच्या बहिणीच्या शरीरात या कापाकापीची सुरुवातच होत नाही, कारण ती करून देणारा पदार्थ तिच्यात जन्मापासून नाही. "तुम्ही कोकणातल्या ना? असं समजा, घरात नारळाची रास आहे आणि सोलायला कोयती नाही." तेच मूळ हातापायांच्या कातडीचं. दात पडले की हिरड्या का बऱ्या होतात, तेही त्यांनी सांगितलं. दात नाही, तर दाताच्या कडेनं खोल जाऊन जंतूंना लपायला जागा नाही.

"म्हणजे ती घासत नव्हती असं नाही?" मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "तुम्ही घासता त्यापेक्षा ती चांगलं घासते. तिच्या दातांकडे बघून मला ते कळतं. पोरीचा काडीचा दोष नाही, हे घरी सगळ्यांना सांगा."

पुढे म्हणाल्या, हा दोष आईवडील दोघांकडून यावा लागतो. एकाकडून आला तर माणूस ठणठणीत राहतं, पण दोष आत दडून राहतो. नात्यात लग्न झालं की दडलेले दोन एकत्र यायची भीती. "हिचं लग्न नात्यात करू नका. मुलाच्या अंगात तो दडलेला असेल, तर होणाऱ्या दर दोन मुलांतल्या एकाला हे व्हायचा धोका." औषधं लिहून दिली, दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. लवकर आणि नेटानं केलं तर काही दात राखता येतात, खात्री नाही, पण येतात.

मी बाहेर आले. धाकटी बाकावर बसली होती, हातरुमाल तोंडाशी धरून, तिची ती सवयच झाली होती. उठून विचारलं, "काय म्हटल्या बाय?"

मी म्हटलं, "औषध दिलंय. नीट घासत जा म्हणाल्या."

का म्हटलं? आधी आईबाबांशी बोलावं, मग हिला सांगावं, असा विचार केला असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण खरं कारण साधं होतं. तिला खरं सांगायचं तर आधी म्हणावं लागलं असतं, इतकी वर्षं मी तुला नाहक छळलं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "अजून जोरात घासीन."

कापड्याला जाऊन मी बाबांना आणि आईला सगळं सांगितलं, धाकटी शाळेत असताना. आई म्हणाली, "मी काय माझ्या मर्जीनं आली काय या घरात?" आणि चुलीपाशी जाऊन बसली. बाबांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "हे भायेर काढायचं नाय. घाण हाय म्हटलं, तर तिचं एकटीचं नाव. रक्तात हाय म्हटलं, तर अख्ख्या घराचं. तुजं पण. तुज्या पोरींचं पण."

माझे बाबा चौथी शिकलेले. पण हिशेब त्यांनी माझ्यापेक्षा चोख मांडला. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या मुली आल्या, माझी सासू आली, महाडमधली आमची ओळखीपाळखीची घरं आली. वर्गात मी मुलांना सांगत असे की विज्ञान सत्याला भीत नाही. विज्ञान भीत नसेल, मी भ्याले. मी मूग गिळून बसले. आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की तिनं घाणेरडंच राहावं. ठरवताना कुणी आवाजही चढवला नाही.

मुंबईच्या दोन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी कापणी आली. चौथ्या वेळी शेजारचं कुणीतरी म्हणालं, पोरीला सारखं मुंबईला कशाला नेता, आणि बाबांनी ते बंदच केलं. मी एकटी नेऊ शकले असते. माझ्या शाळेच्या परीक्षा होत्या, नेहमीच असतात. पंधराव्या वर्षी तिचा शेवटचा दात गेला. महाडच्या त्या तरुण डॉक्टरनं कवळी करून दिली. कवळी बसवल्यावर ती आरशासमोर पहिल्यांदा तोंड उघडून हसली, आणि लगेच हात तोंडावर नेला. वास आता येत नव्हता, पण ते तिला कोण पटवणार?

चार वर्षांनी तिच्या लग्नाचं बघायला लागलो. पाचाडच्या एका घरानं बोलावणं धाडलं, त्यांची गडाखाली छोटी खानावळ होती. बघायला आलेली बाई अनुभवी. पोहे खाताना धाकटीची कवळी किंचित हलली तेवढ्यानं तिला समजलं. मग तिनं पाणी मागितलं आणि पेला घेताना धाकटीचा हात धरून उलटा केला. निरोप आला, खानावळीत अन्नाला हात लावायचा, पोरगी स्वच्छ हवी. त्यांच्यावर मी रागावले. कुठल्या तोंडानं रागावले, देव जाणे.

आणखी दोन ठिकाणी असंच झालं, आणि मग बाबांची बहीण, वरंधची आमची आत्या, धावून आली. तिचा थोरला मुलगा, निर्व्यसनी, घरची जमीन. आत्या पदर खोचून म्हणाली, "माझ्या भावाची पोर हाय. तिचं दात मी कशाला बघू? भाची सून करून नेते." सगळ्या घरानं सुटकेचा निःश्वास सोडला. आईनं आत्याचे पाय धरले. बाहेरचं कुणी करत नाही म्हणून घरात द्यायची, आणि बाहेरचं कुणी का करत नाही, तर पिढीमागं घरातच दिली होती म्हणून. हे एवढं सरळ दिसत होतं, आणि त्या मांडवात ते फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

मी बाबांना एकदा म्हटलं. एकदाच. "डॉक्टरबाई नात्यात नको म्हणाल्या होत्या." बाबा म्हणाले, "मग तू आण भायेरचं स्थळ. आण." मी आणलं नाही. आत्याच्या मुलाची तपासणी करा म्हणायचं धाडस तर झालंच नाही, तसं म्हणणं म्हणजे आत्याच्या तोंडावर सगळं फेकणं. धाकटीच्या केसांत गजरा मी माळला. वाजतगाजत वरंधला पाठवणी झाली.

मुलगा झाला. बारशाला मी गेले होते, गुटगुटीत बाळ, हात मऊ. मला इतकं हायसं वाटलं की मी परतताना एसटीत रडले. वाटलं, सुटलो. म्हणजे मी सुटले.

तीन-साडेतीन वर्षांनी, एका दुपारी धाकटी न कळवता माझ्या दारात उभी राहिली. कडेवर पोर. वरंधहून एकटी आली होती. मुली शाळेत, नवरा कामावर, घरात मी एकटीच पेपर तपासत बसले होते. ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "ताई, याला लागलं."

पोरानं तोंड उघडलं. मला बघायचीही गरज नव्हती, वास ओळखीचा होता. मी त्याचे हात उलटे केले. लाल, जाड, अंगठ्याच्या बुडाशी भेगा सुरू झालेल्या.

ती बोलत सुटली. "सासू म्हणते, तुजी घाण पोरात उतरवलीस. उष्टं भरवलं असशील म्हणते. ताई, आईची शपथ, मी उष्टं भरवलेलं नाय. माझा पेला वेगळा हाय. त्याचा चमचा मी उकळून घेते. दिवसातनं तीनदा घासते. मी त्याचा मुका पण घेत नाय ताई, जन्मल्यापासनं एकदा पण नाय घेतला. मग कसं लागलं?"

साडेतीन वर्षं. तिनं आपल्या पोराचा मुका घेतला नव्हता, तिचं तोंड घाण आहे म्हणून. ते तिला कुणी शिकवलं होतं ते मला ठाऊक होतं.

तेव्हा मी सांगितलं. पेशी, प्रथिन, नारळ आणि कोयती, आई आणि बाबांचं नातं, तिचं आणि नवऱ्याचं नातं, सगळं. उष्ट्यानं हे लागत नाही, मुक्यानं तर मुळीच नाही. तुझ्या घासण्यात कधीच काही कमी नव्हतं. हे सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता, तो मला बदलता येईना. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की लवकर धरलं तर पक्के दात राखायची आशा असते, याचे अजून यायचेत, आपण उद्याच निघू, मी रजा टाकते. मी भराभर बोलत होते, म्हणजे तिला मधे काही विचारायला सापडू नये.

तिनं पोराला खाली ठेवलं आणि विचारलं, "हे तुला कधीपासनं ठावं?"

"तुला मुंबईला नेलं होतं तेव्हापासून."

"मी बाकावर बसले हुते तेव्हा."

"हो."

मला वाटलं, आता लग्नाचं विचारेल. ठाऊक असून मला वरंधला का दिलंत, माझ्या पोराचं वाटोळं का केलंत. त्याची उत्तरं माझ्याजवळ होती, वाईट होती, पण होती. बाबांचं नाव घेता आलं असतं, आईचं, माझ्या मुलींचं. तिनं ते विचारलंच नाही. ती रडलीही नाही. नेहमी तोंडाशी जाणारा हात त्या दिवशी खालीच होता.

"दात जायचेच हुते," ती म्हणाली. "लग्न पण कुठं तरी व्हायचंच हुतं. पण मी घाण नाय, एवढं मला सांगायला तुला काय खर्च हुता? एवढंच सांगायचं. बाकीच्यांना नको, मला. मी कुणाला बोलले नसते."

मी रडायला लागले. तिनं मला समजावलं नाही, आणि ते बरंच केलं. पोर माझ्या तपासायच्या पेपरांवर रेघोट्या ओढत होतं. तिनं त्याला उचललं, त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग त्याच्या गालावर तोंड टेकवलं. तिला ते नीट जमलं नाही. सवय नव्हती. पोरानं गाल पुसला आणि पुन्हा पेन्सिलीकडे हात केला.

मग तिनं महाविद्यालयाचा पत्ता मागितला. मी कागदावर लिहून दिला, कुठे उतरायचं, कुठल्या मजल्यावर जायचं. म्हटलं, मी येतेच बरोबर, तुला एकटीला तिथलं काही समजायचं नाही. तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "माझ्या पोराचं काय ते माझ्या कानानं ऐकते."